जुन्या नावेचा वेग : पाचूबंदर येथील दोन दिवस

मुंबईपासून वसई फार दूर नाहीं. आणि म्हणूनच कीं काय, मुंबईंत जन्म काढलेल्या पुष्कळ कुटुंबांनीं ती पाहिलेली नसते. इतिहासाच्या पुस्तकांत चिमाजी अप्पांचें नांव वाचावयाचें, १७३९ हें साल पाठ करावयाचें, आणि गाडीनें विरारकडे जातांना स्टेशनाच्या पाटीवर तें नांव पाहून पुनः वर्तमानपत्रांत मान घालावयाची, एवढाच आपला व वसईचा संबंध. प्रस्तुत लेखकहि आजपर्यंत याच वर्गांतला होता. यंदा जुलै महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत तेथें जाण्याचा योग आला तो किल्ला पाहण्याच्या निमित्तानें. परंतु किल्ल्यापेक्षां अधिक वेळ गेला तो किल्ल्यापलीकडच्या चिखलांत, एका जुन्या मासेमारी नावेच्या तळाखालीं उकिडवें बसून. त्याचीच ही हकीकत आहे.

सोबत माझा भाचा होता. तो गेलीं बारा वर्षें अमेरिकेंत एका मोठ्या सरोवराच्या कांठीं राहतो. व्यवसाय गणकयंत्रांचा, परंतु खरा जीव जडलेला आहे तो 'जेट स्की' नांवाच्या पाण्यावरील वाहनावर. आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर भाड्यानें फिरवितात तें बसावयाचें वाहन पुष्कळांनीं पाहिलें असेल. ह्याचें आहे तें त्याचें मूळ रूप, म्हणजे उभ्यानें चालवावयाचें. क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटारसायकलपटूला ही कल्पना सुचली, आणि जपानच्या कावासाकी कंपनीनें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तें यंत्र बाजारांत आणिलें; 'जेट स्की' हें वस्तुतः त्या कंपनीनें दिलेलें व्यापारी नांव. लांबट, अरुंद असा एक पोकळ तराफा, त्याच्या पोटांत दोन नळकांड्यांचें लहानसें इंजिन, मागें उभें राहण्यापुरती जागा, आणि वरखालीं होणाऱ्या एका दांड्याला जोडलेली मूठ, एवढाच त्याचा संसार. पंखा बाहेर दिसत नाहीं. तो एका नळींत बसविलेला असतो. तळाच्या जाळींतून पाणी ओढून घेतो व मागच्या तोंडांतून जोरानें फेंकतो, त्या धक्क्यानें वाहन पुढें जातें.

भाच्याजवळ आहे तें यंत्र १९८० नंतरच्या दशकांतलें, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वयाचें. असलीं जुनीं यंत्रें विकत घेऊन तीं अधिक वेगवान करण्याचा तिकडे एक पंथच आहे. कोणी नळकांड्याचें टोपण तासून आंतील दाब वाढवितो. कोणी धूर जाण्याची नळी अशा मापानें बसवितो कीं, तींतून परतणारी दाबाची लहर निसटूं पाहणारें ताजें इंधन पुनः आंत लोटते. कोणी पंख्याच्या पात्यांचा पीळ बदलतो, तर कोणी तळाची जाळीच नव्या घाटाची घालतो. भाच्यानें हे सर्व प्रयोग केले आहेत, आणि एकदां त्याची शिक्षाहि भोगली आहे. दाब वाढविला, परंतु त्या प्रमाणांत इंधन अधिक मिळावें म्हणून कार्ब्युरेटर सुधारावयाचा, तो तसाच ठेवला. परिणाम असा झाला कीं, भर सरोवरांत दट्ट्या वितळून इंजिन जागच्या जागीं आवळलें, आणि चिरंजीव दोन तास वारा नेईल तिकडे वाहत गेले. ही गोष्ट तो हंसत सांगतो. त्याच्या आईला मात्र अद्याप ती सांगितलेली नाहीं.

दादरहून आम्ही सकाळच्या गाडीनें निघालों. भाईंदर सुटलें कीं गाडी खाडीच्या पुलावर येते. उजव्याडाव्या हातांना उल्हास नदीचें रुंद, गढूळ पाणी, मध्यें पाणजूचें हिरवें बेट, आणि पश्चिमेकडे जेथें खाडी समुद्राला मिळते तेथें पावसाच्या पडद्यामागें अस्पष्ट दिसणारी किल्ल्याची झाडी. २०२४ च्या फेब्रुवारींत भाईंदरहून वसईस मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली, तेव्हां हेंच पाणी पुनः वाटेला लागलें असें म्हणावयास हरकत नाहीं. कारण पूल होण्यापूर्वीं वसईची खरी वेस या खाडींतच होती.

वसईगांवांत माझे एक जुने सहाध्यायी राहतात. एकत्र कुटुंब, मोठी वाडी, दोन विहिरी, केळीच्या बागा; आणि भोंवतीं चारपांच मजल्यांच्या इमारतींचा वेढा दर वर्षीं एक पाऊल पुढें येत असलेला. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली आणि २०१४ सालीं पालघर हा निराळा जिल्हा; परंतु या घराच्या पडवींत पाऊल टाकल्यावर त्या दोन्ही वार्ता अद्याप पोंचलेल्या नाहींत असें वाटतें. ऐंशी वर्षांच्या मातोश्रींनीं आमच्यापुढें गेल्या हंगामांतलीं सुकेळीं ठेविलीं. उन्हांत वाळविलेल्या केळ्यांचा हा मधुर प्रकार आगाशी व वसई या भागाचा खास आहे. तीं खाऊन, छत्र्या घेऊन, आम्ही किल्ल्याकडे निघालों.

किल्ल्याचें वर्णन अनेकांनीं केलें आहे. मी तें लांबवीत नाहीं. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली; पुढें दोनशें वर्षें ती उत्तर कोंकणांतील त्यांची राजधानी होती. तट, देवळें, मठ, सर्व कांहीं दगडाचें. आणि आतां त्या दगडांवर वडापिंपळांचीं मुळें पसरलीं आहेत. परंतु समुद्राकडील दरवाज्यांत उभें राहिल्यावर एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहत नाहीं. या शहराचें वैभव नुसत्या दगडावर उभें नव्हतें. तें लाकडावरहि होतें. आंतल्या रानांतला सागवान खाड्यांनीं खालीं यावा आणि येथें त्याचीं गलबतें व्हावीं, हा क्रम फार जुना. शेजारची आगाशी तर पोर्तुगीज येण्याच्या आधींपासून नावा बांधण्याविषयीं प्रसिद्ध होती. राज्यें आलीं व गेलीं. परंतु हातोडा आणि वांकस हातांत धरणारा मनुष्य बहुधा तोच राहिला.

तो मनुष्य आम्हांस अर्ध्या घटकेंतच भेटला. किल्ल्यामागें पाचूबंदर व किल्लाबंदर या कोळ्यांच्या वस्त्या आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रांत यांत्रिक नौकांना मासेमारी करण्यास बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ. त्यामुळें सर्व नावा किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होत्या, कोणाच्या नाळेवर क्रूस, कोणाच्या नाळेवर एकवीरेचें नांव. बंदी उठण्यास सहा दिवस राहिले होते. फटींत कापूस ठोकणें, राळ व तेल लावणें, रंग देणें, जाळीं सांधणें, अशी घाई जिकडेतिकडे चालली होती. पावसाची सर आली कीं सगळे नावेच्या पोटाखालीं शिरत; सर गेली कीं पुनः ठोकाठोक सुरू.

अशाच एका सरींत आम्हीहि एका नावेखालीं शिरलों, आणि तेथें चाललेल्या वादांत नकळत सांपडलों. नाव पंचेचाळीस वर्षांची. तांडेलाच्या वडिलांनीं ती शिडासाठींच बांधविली होती. पुढें तिला इंजिन बसविलें, आणि नंतर तें काढून दुसरें. आतां तांडेलाच्या मुलाचें म्हणणें, तिसरें, याहून मोठें इंजिन घालावें. मोटार-लॉऱ्यांना असतें तशा जातीचें सहा नळकांड्यांचें डिझेल इंजिन नावेसाठीं फिरवून घेऊन बसविण्याची चाल या किनाऱ्यावर सर्वत्र आहे. अशोक लेलँडचीं इंजिनें त्या कामीं फार दिसतात. शेजाऱ्यानें तसें घेतलें होतें. प्रश्न पैशाचा होता. त्यासाठीं राहतें घर तारण ठेवावें लागणार होतें, आणि कागदावर सही तांडेलाची हवी होती. तो सही करीत नव्हता.

"एवढी घाई कशाला हवी?" असें मीं सहज विचारलें. तांडेलानें उत्तर दिलें तें ऐकून आपण समुद्राविषयीं किती अज्ञ आहोंत हें कळलें. येथील मुख्य जाळें 'डोल'. एका प्रचंड नरसाळ्याच्या आकाराची ती पिशवी. तिचें तोंड समुद्राच्या तळांत रोंवलेल्या खांबांना बांधलेलें असतें. कोळी माशांचा पाठलाग करीत नाहीं. भरतीओहोटीचा ओढ मासळी त्या तोंडांत आणून घालतो. परंतु ओढ थांबून पाणी उलटूं लागण्याच्या आंत पिशवी उचलली पाहिजे. तो निवांत पाण्याचा वेळ थोडा. तो चुकला तर ती भरती फुकट गेली. पूर्वीं खांब जवळ होते. जवळची मासळी कमी झाली तसे ते दूर दूर गेले. आज ते पंधरा सागरी मैलांवर आहेत. नावेला तेथें पोंचण्यास अडीच तास लागतात. उधाणाच्या दिवसांत, जेव्हां ओढ जोराचा व मासळी भरपूर, तेव्हांच पंधरावीस मिनिटांनीं वेळ हुकते. शेजाऱ्याची नाव मात्र पोंचते.

"म्हणजे वेग हवा आहे," भाचा म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकले. हा तर त्याचा घरचा विषय. त्यानें मुलाला दोनचार प्रश्न विचारले, इंजिनाची शक्ति विचारली, आणि मोठ्या आत्मविश्वासानें आपला निर्णय दिला: शक्ति दीडपट करा, वेग वाढेलच. मुलाचा चेहरा उजळला. तांडेल कांहीं बोलला नाहीं. नावेच्या मागच्या अंगाशीं एक म्हातारा सुतार लाकूड तपाशीत बसला होता. त्यानें मान वर न करतां विचारलें, "तुमचं तें यंत्र पाण्यांत बसतं कीं पाण्यावर?"

भाचा गोंधळला. सुतारानें नावेच्या अंगावरील एक रेषा बोटानें दाखविली. समुद्रांत असतांना पाण्याची शेवाळी खूण जेथवर राहते, ती ही रेषा. नाळेकडे ती खालीं होती आणि मागें बरीच वर चढलेली. "इंजिन चालू केलं कीं मागची बाजू बसते आणि नाळ आभाळाकडे बघते," तो म्हणाला. "आणखी जड इंजिन घातलं तर आणखी बसेल. ही शिडाची नाव आहे. हिला मागं अंगच नाहीं."

खरोखरच नावेचा मागचा भाग निमुळता होता. शिडाच्या नावेला तसाच आकार शोभतो, कारण मागचें पाणी शांतपणें मिटत जातें. परंतु त्या निमुळत्या भागावर इंजिनाचें ओझें ठेविलें, कीं त्याला तोलून धरावयास तेथें पुरेसें लाकूड पाण्यांत नसतें. भाच्याचें वाहन पन्नासएक हातांत वेग घेऊन पाण्याबाहेर निघतें आणि पृष्ठभागावर सरकूं लागतें. त्यानंतर पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो. ही नाव मात्र सदैव पाणी दुभंगीतच जाणार. दोघांचा धर्मच निराळा. हें भाच्याच्या ध्यानांत आलें, आणि मला सांगावयास आनंद वाटतो कीं, तो तात्काळ गप्प झाला.

त्या रात्रीं जेवणाच्या पंगतींत हाच विषय निघाला. मातोश्री वाढीत नव्हत्या, पण पाटावर बसून सर्व ऐकत होत्या. भाचा पंख्याविषयीं सांगत होता: पंखा फार वेगानें फिरूं लागला कीं पात्यांच्या पाठीशीं पाण्याला पोकळ्या पडतात, बुडबुडे होतात, आणि शक्ति फुकट जाते. त्या म्हणाल्या, "अरे, रवी जोरजोरानें फिरविली तर डेऱ्यांत फेंस होतो. लोणी येत नाहीं. लोणी यायला रवी ताकाच्या मानानं लागते आणि हात बेतानं चालावा लागतो." पंगतींतले सगळे हंसले; भाचा हंसला नाहीं. तो म्हणाला, "आजी, हेंच समजायला इंग्रजांना एक अख्खी बोट पुनः बांधावी लागली."

गोष्ट खरी आहे. चार्ल्स पार्सन्स यानें वाफेच्या चक्रयंत्राची 'टर्बिनिया' ही बोट १८९४ सालीं पाण्यांत सोडली, तेव्हां यंत्र भरपूर बळकट असूनहि बोट अपेक्षेच्या मानानें रडत चालली. एकच पंखा अतिशय वेगानें फिरत होता आणि पाण्याचा नुसता फेंस करीत होता. पार्सन्सनें तीन दांडे घातले, प्रत्येकावर तीन तीन पंखे बसविले, आणि १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या आरमारी संचलनांत तीच बोट युद्धनौकांच्या रांगांमधून अशी धांवली कीं, तिला अडविण्यास कोणाचीहि नाव पुरी पडली नाहीं. शक्ति किती आहे यापेक्षां ती पाण्याच्या हातीं कशी द्यावयाची, हा प्रश्न मोठा असतो.

जेवणानंतर पडवींत बसून आम्हीं दोघांनीं कागदावर हिशेब मांडला. वाचकांस कंटाळा येणार नसेल तर तो येथें देतों. शाळेंतल्या मुलालाहि करतां येण्याजोगा आहे. विल्यम फ्रूड नांवाच्या इंग्रज पंडितानें १८७० च्या सुमारास नावांच्या लहान प्रतिकृति हौदांत ओढून एक नियम शोधला. चालत्या नावेच्या नाळेशीं एक लाट उठते व तिच्यामागें दुसरी. वेग वाढतो तसें त्या दोन लाटांमधील अंतर वाढतें. तें नावेच्या लांबीएवढें झालें, कीं नाव आपणच उठविलेल्या दोन लाटांच्या मधल्या खळगींत अडकते, आणि त्यापुढें वेग वाढवावयाचा म्हणजे तिला स्वतःच्याच लाटेवर चढवावयाचें. ही मर्यादा काढण्याची रीत सोपी. पाण्याशीं टेंकणारी नावेची लांबी फुटांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें, आणि त्याला १.३४ नें गुणावें. तासाचे सागरी मैल निघतात. आमच्या नावेची ती लांबी ३६ फूट. वर्गमूळ ६. म्हणजे मर्यादा आठ मैल. आजची तिची चाल सहा. शिवाय या मर्यादेच्या अलीकडेहि वेग दुप्पट करावयास शक्ति ढोबळमानानें आठपट लागते. मर्यादेशीं आल्यावर तर हिशेबच राहत नाहीं. घर तारण ठेवून घेतलेलें इंजिन आठाच्या भिंतीवर डोकें आपटीत राहणार, आणि डिझेल मात्र दुपटीनें पिणार.

"मग शेजाऱ्याची नाव कशी धांवते?" मीं विचारलें. भाच्यानें तिचें चित्र काढून दाखविलें. ती नाव नवी, ४९ फूट लांब, मागून रुंद व चौकोनी. मूळ इंजिनासाठींच बांधलेली. ४९ चें वर्गमूळ ७. तिची मर्यादा सव्वानऊच्या पुढें जाते. तिचा वेग इंजिनांत कमी आणि लाकडांत अधिक होता.

उरला प्रश्न सहा ते आठ यांच्यामधल्या जागेचा. पंख्याच्या पात्यांचा पीळ १८ इंचांचा होता, म्हणजे पाणी जर लोण्यासारखें घट्ट असतें तर एका फेऱ्यांत नाव १८ इंच पुढें गेली असती. इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेतें. मधल्या दंतचक्रांनीं ते तिसऱ्या हिश्शानें, म्हणजे ६०० होतात. ६०० गुणिले १८ इंच म्हणजे मिनिटाला ९०० फूट, तासाला ५४,०००. सागरी मैल सुमारें ६,०७६ फुटांचा. म्हणजे जवळजवळ नऊ मैल. पाणी निसटतें म्हणून त्यांतला तिसरा हिस्सा वजा जातो, राहिले सहा. हिशेब तंतोतंत जुळला. आणि तांडेलाच्या मुलानें सांगितलेली एक गोष्ट आतां अर्थपूर्ण वाटूं लागली: इंजिन पूर्ण फेरे फार सहज गांठतें आणि धूरहि काळा येत नाहीं. त्याला तो इंजिनाचा गुण समजत होता. वास्तविक त्याचा अर्थ असा कीं, इंजिनाला पुरेसें कामच मिळत नव्हतें. पंखा बोजड असेल तर इंजिन दमतें, काळा धूर ओकतें व फेरे गांठूं शकत नाहीं. पंखा हलका असेल तर तें रिकामें धांवतें. म्हणजे जें बळ विकत घ्यावयास निघाले होते, त्यांतलें थोडें घरांतच पडून होतें.

दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या ओहोटीला आम्ही पुनः बंदरावर गेलों. भाच्यानें प्रथम म्हाताऱ्या सुताराची क्षमा मागितली. मग कागद काढून मुलाला समजाविलें. मुलगा बारावीपर्यंत शिकलेला, हुशार. त्याला वर्गमूळाचा अर्थ सांगावा लागला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "म्हणजे ही नाव कधीच त्याच्या नावेला गांठणार नाहीं?" भाचा म्हणाला, "नाहीं." त्या 'नाहीं' नंतर जो क्षण गेला तो अवघड होता. तरुण मनुष्याला आशा मोडल्याचें दुःख पैशाच्या दुःखापेक्षां मोठें असतें. तेव्हां तांडेल प्रथमच मध्यें बोलला: "त्याला गांठायचं नाहीं आपल्याला. पाणी गांठायचं आहे."

मग कामाची वांटणी झाली. पंखा उतरविला, त्याच्या एका पात्याची कड वांकलेली व दुसऱ्याची झिजलेली आढळली. तो देऊन २० इंच पिळाचा, त्याच व्यासाचा, दुरुस्त केलेला जुना पंखा घेण्याचें ठरलें. सुतारानें नाव जेथें पंख्यापाशीं संपते तेथलें जाड, चौकोनी लाकूड दाखविलें. त्याच्या कडांमुळें पाणी घुसळून पंख्यावर येत होतें. तें दोन्ही अंगांनीं तासून माशाच्या शेपटीसारखें निमुळतें करावयाचें. हें ऐकून भाचा आनंदानें ओरडलाच. त्याच्या यंत्राच्या तळाची जाळी बदलण्यांत हेंच तत्त्व असतें: पंख्याकडे येणारें पाणी शांत आलें पाहिजे. तळावरचा शंखशिंपल्यांचा थर वरवर खरवडलेला होता. तो पुनः नीट घासून काढावयाचा. डिझेलचीं पिंपें व बर्फाची पेटी मागें होती, ती मध्यावर आणावयाची. आणि शेवटीं मिस्त्रीनें एक महत्त्वाची गोष्ट बजाविली. इंजिन व पंख्याचा दांडा एका रेषेंत आहेत कीं नाहींत, हें नाव पाण्यांत उतरल्यावर पहावयाचें. कारण लाकडाची नाव जमिनीवर एका आकारांत बसते आणि पाण्यावर दुसऱ्या. कोरड्यावर जुळविलेली रेषा पाण्यांत चुकते.

ऊन पडलें तेव्हां सुतारानें वांकस उचलला. पंचेचाळीस वर्षें मुरलेल्या सागाची ढलपी तांबूस निघाली, आणि तिचा वास आला तो नव्या लाकडासारखा. तांडेलानें ती ढलपी उचलून खिशांत ठेविली. त्याच्या वडिलांनीं हें लाकूड स्वतः निवडलें होतें, असें तो म्हणाला. घराच्या तारणाचा कागद मुलानें घडी करून परत पिशवींत घातला. फाडला मात्र नाहीं. तो शहाणपणाचाच भाग म्हणावा लागेल, कारण हंगाम कसा जाईल हें कोणी सांगावें?

परततांना गाडींत भाचा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. पुलावर आल्यावर म्हणाला, "मामा, मीं दहा वर्षें त्या यंत्रावर घालविलीं. एकेक भाग बदलला. पण तें कशासाठीं वेगानें न्यायचें, असा प्रश्न मला कधीं पडलाच नाहीं." मीं उत्तर दिलें नाहीं. हौसेला कारण लागत नाहीं, आणि लागूंहि नये. परंतु ज्याच्या वेगावर चुलीचा विस्तव अवलंबून आहे, अशा मनुष्याशेजारीं दोन दिवस चिखलांत बसल्यावर आपल्या हौशीकडे पाहण्याची दृष्टि थोडी बदलते, हें खरें.

नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनीं वसईच्या मित्रांचा निरोप आला. सरकारी बंदी उठली तरी तांडेलानें पौर्णिमेची वाट पाहिली होती, आणि दर्याला नारळ वाहून मगच नाव लोटली. उपग्रहावरून जागा व चाल दाखविणारें लहान यंत्र नावेवर आहेच. त्यावर चाल सात मैल दिसली. पंधरा मैलांस पूर्वीं अडीच तास लागत, आतां दोन तास नऊ मिनिटें. म्हणजे एकवीस मिनिटें वांचलीं. पहिल्या उधाणांत निवांत पाणी दोनदां सांपडलें, एकदां हुकलें. मासळी? ती बेताचीच, एकवीस मिनिटांनीं समुद्र भरत नाहीं. तांडेलानें मित्रांकरवीं विचारलें होतें कीं, मास्तरांना काय पाठवूं. बोंबील तर त्यांच्या घरीं चालावयाचे नाहींत.

दुसऱ्या दिवशीं विरारच्या गाडीनें एक नारळ आला, शेंडी न काढलेला, वर हळदकुंकू लावलेलें. घरांत त्या दिवशीं नारळीभात झाला. भाच्याला फोनवरून सांगितलें तेव्हां त्यानें प्रथम विचारलें, "इंजिनाचे फेरे किती दाखवितात?" मिनिटाला १,८०० च, आणि धूर किंचित् काळा, असें मीं कळविलें. "किंचित् म्हणजे बरोबर," तो म्हणाला. "सुतारबाबांना सांगा."